मंगळवारची हजेरी

मंगळवारी दुपारी अडीच ते चार या वेळेत तुम्ही कुठे होता, असं फौजदारसाहेबांनी मला विचारलं आणि माझी पंचाईत झाली. कारण मी कामावर होतो. कामगार कामाच्या वेळेत कामावर होता यात पंचाईत कसली, असं कुणालाही वाटेल. ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या कारखान्यात एक आठवडा काढून बघावा.

"मशीनवर होतो, साहेब. तीन नंबरच्या."

"कोणी पाहिलं?"

इथेच घोडं पेंड खात होतं. साहेबांनी समोरचे पाच कागद उचलले, पत्ते लावावेत तसे हातात पसरले आणि त्यातला एकेक वाचायला लागले.

"तुमच्या खात्यात सहा मशीनं, सहा माणसं. पाच जणांचे जबाब काल झाले. पाचही जण म्हणतात, आम्ही आपापल्या मशीनवर होतो. तुमच्याबद्दल एक नंबरवाला म्हणतो, 'आत्ताच इथे होता, जरा पाणी प्यायला गेला.' दोन नंबरवाला म्हणतो, 'आत्ताच इथे होता, संडासला गेला.' चार नंबरवाला म्हणतो कँटीनला. पाच नंबरवाला म्हणतो माल पाठवायच्या खात्याकडे. आणि हा सहा नंबरवाला... हा तुमचा कोण?"

"मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. मीच चिकटवला त्याला."

"तो म्हणतो, 'आत्ताच इथे होता, स्टोअरकडे गेला असेल.'"

चोरी स्टोअरमध्येच झाली होती. मी मनातल्या मनात पुन्हा एकदा मेहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आठवलं की त्यात माझ्या मुलांचं आजोळ येतं, म्हणून तो फक्त मेहुण्यापुरता ठेवला.

चोरीला काय गेलं होतं ते सांगतो. कॅमेऱ्यांचा खोका. मॅनेजरसाहेबांनी चार कॅमेरे मागवले होते. खात्यात कोण काम करतं आणि कोण करत नाही ते त्यांना केबिनमध्ये बसून बघायचं होतं. उठून खात्यात यायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. खोका मंगळवारी अडीच वाजता मिळाला अशी स्टोअरकीपरची सही होती, आणि चार वाजता बसवणारा आला तेव्हा तो जागेवर नव्हता. फौजदारसाहेबांनी तर्क केला की ज्याला कॅमेऱ्यात दिसायचं नाही त्यानेच तो लंपास केला असणार. तर्क बरोबर होता. चुकलं एवढंच की तसे आम्ही सहा जण होतो.

आता आमची व्यवस्था सांगतो. ती पोलिसांना सांगण्यासारखी नव्हती, तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आमचा कारखाना झाकणं बनवतो. पत्र्याच्या डब्यांची गोल झाकणं. डबे कुठे होतात ते सत्तावीस वर्षांत मला कळलेलं नाही. पूर्वी पायाने दाबायची मशीनं होती तेव्हा सहा माणसं दिवसभर घाम गाळून सहा हजार झाकणं काढायची, आणि सहा हजार हा रोजचा कोटा ठरला. मग अकरा वर्षांपूर्वी नवी मशीनं आली. त्यांना पत्रा भरायचा आणि झाकणं काढून घ्यायची, बस. एक माणूस सहाही मशीनांमध्ये पळत राहिला तर एकट्याने सहा हजार निघतात, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. मॅनेजरला कळलं नाही, कारण त्याने कोट्याचा आकडा बदलायचा तर फॉर्म भरावा लागला असता. त्याला कळलं असतं तर पाच जणांना नारळ मिळाला असता. म्हणून आम्ही सहा जणांनी कँटीनच्या मागे उभं राहून ठरवलं की हप्त्यात कामाचे दिवस सहा, माणसं सहा, तेव्हा प्रत्येकाने एक वार घ्यायचा. ज्याचा वार तो एकटा सहा मशीनं चालवणार. बाकीच्या पाचांनी सकाळी हजेरी लावायची, मशीनच्या दांड्याला आपापलं तेलाचं फडकं अडकवायचं, म्हणजे माणूस जवळपासच आहे असं वाटतं, आणि भंगाराच्या बाजूच्या दाराने निघून जायचं. साडेचारला परत येऊन सुटायची हजेरी. झाकणं कागदावर सहा जणांत सारखी वाटायची.

माझा वार मंगळवार.

सुपरवायझर अकराला एकदा आणि तीनला एकदा दारातून डोकं आत घालून विचारतो, "चार नंबर कुठे?" ज्याचा वार असेल त्याने पळता पळता ओरडायचं, "आत्ताच इथे होता, जरा पलीकडे गेलाय." सुपरवायझर मान हलवून जातो. त्याचं काम विचारणं आहे, ते त्याने केलेलं असतं. त्या मंगळवारी तीनला मात्र तो आलाच नव्हता, तोही जरा पलीकडे गेलेला असणार. अकरा वर्षं आम्ही एकमेकांबद्दल हे वाक्य इतक्या वेळा बोललो की ते बोलायला डोकं लागत नाही, नुसतं तोंड पुरतं. आणि पोलिसांनी एकेकाला बाजूला घेऊन "तीन नंबर कुठे होता?" असं विचारल्यावर पाचही तोंडांनी आपापलं काम केलं.

म्हणजे ज्या दिवशी मी एकटा खात्यात होतो आणि ते पाच जण गावभर पांगले होते, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ते पाच जण खात्यात होते आणि मी एकटा नव्हतो.

कोण काय बोललं ते बुधवारीच माझ्या कानावर आलं होतं, आणि रात्रीचं जेवण होण्याआधी मी मेहुण्याच्या घरी जाऊन त्याची गचांडी धरली होती.

"अरे, स्टोअर? तुला दुसरं काही सुचलं नाही?"

"भाऊजी, आईशप्पथ तोंडातून निघून गेलं. पाणी, संडास, कँटीन सगळं आधीच्यांनी वापरलं असेल असं वाटलं. तेच तेच सांगितलं तर संशय नाही का येणार?"

"पण मंगळवार होता! मंगळवारी मी खात्यात असतो!"

"ते लक्षातच नाही आलं हो. आम्ही तुम्हाला खात्यात बघतो कुठे? तुमच्या वाराला आम्ही नसतो, आमच्या वाराला तुम्ही नसता."

मी गचांडी सोडली.

घरी आलो तर बायको भांडी आपटत होती. तिला भावाकडून सगळं आधीच पोचलं होतं. "हे बघा, पोलिसांना खरं काय ते सांगून मोकळे व्हा," ती म्हणाली. "फक्त माझ्या भावाचं नाव मध्ये आणू नका."

"अगं, सहा जणांचं खरं आहे ते. त्यातला एक गाळून खरं कसं सांगू?"

"मला काय माहीत? तुम्ही इतकी वर्षं सहा जणांचं काम एकट्याने करता, एवढं नाही जमत?"

आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय?" बायको म्हणाली, "कुणी नाही. झोपा." आणि मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "तुम्ही आत गेलात तर यांचं कोण करणार?" एवढं बोलून ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. ती घाबरली होती. मीही घाबरलो होतो.

कारण सगळ्याचं मूळ बाबा होते. माझे वडील याच कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते, हजेरीची वही त्यांच्या ताब्यात असायची. एक मिनिट उशीर झाला तर सख्ख्या भावालाही लाल शाईची फुली मारणारा माणूस. एकदा स्वतःला पोचायला उशीर झाला तर त्यांनी स्वतःलाच फुली मारली आणि संध्याकाळी घरी येऊन ते सांगितलं, वर आम्ही कौतुक करावं अशी अपेक्षा. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, पाठोपाठ आठवण विरत गेली. त्यांना भरवावं लागतं, कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते, तिथे कॅमेरे कधीच बसलेत, तेव्हा तिला हलता येत नाही. मुलं दूर, आपापल्या संसारात. म्हणून आठवड्यातले पाच दिवस मी हजेरी लावतो, मागच्या दाराने निघतो आणि घरी येऊन बाबांचं करतो. मंगळवारी माझी थोरली बहीण येते, कारण तिचं शिवणाचं दुकान त्या दिवशी बंद असतं.

बाबांना यातलं काही ठाऊक नाही. रोज नऊ वाजता मी दिसलो की विचारतात, "आज कामावर नाही गेलास?" मी म्हणतो, "सुट्टी आहे, बाबा." "कसली?" मग मी कारण देतो. मशीन दुरुस्तीला काढलंय. वीज गेलीय. मालकाचे वडील वारले. मालकाच्या वडिलांना मी चार वर्षांत निदान चाळीस वेळा मारलं असेल, आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणाले आहेत, "अरेरे, चांगला माणूस होता."

तर अशी परिस्थिती. खरं सांगावं तर पाच जणांच्या पोटावर पाय, माझ्याही, आणि बाबांचे पाच दिवस बुडाले. खरं सांगू नये तर मी चोर, आणि बाबांचे सातही दिवस बुडाले.

"बोला," फौजदारसाहेब म्हणाले.

"साहेब, मशीनवर होतो."

"तेच तेच ऐकायला मला वेळ नाही." त्यांनी उठून टोपी घातली. कोपऱ्यातल्या टेबलावर एक हवालदार मान खाली घालून लिहीत होते, त्यांना म्हणाले, "यांचा जबाब पुरा करून घ्या. नाहीच बोलले तर दुपारी आत टाकू. मी आलोच." आणि गेले.

खोलीत मी आणि हवालदार उरलो. हवालदार पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर, तर्जनी शाईने माखलेली. एक वही लिहायची, ती मिटून दुसरी ओढायची, मधेच उठून खिडकीवर आलेल्या माणसाचा अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, पळत येऊन तिसरी वही. मला ते पळणं ओळखीचं वाटलं. मी खोलीत नजर फिरवली. आणखी तीन टेबलं होती. तिन्हींवर उघडं पेन, खुर्चीच्या पाठीला खाकी सदरा, आणि अर्धा चहा असलेला कप. माणूस जवळपासच आहे असं वाटत होतं. पण मी या धंद्यातला जुना माणूस. मी मान लांब करून कपात पाहिलं. चहावर धरलेली साय दोन दिवसांची होती.

तेवढ्यात फोन वाजला. हवालदारांनी तो खांद्यात धरला आणि लिहिणं न थांबवता म्हणाले, "साहेब? आत्ताच इथे होते, जरा पलीकडे गेलेत."

माझ्या अंगावर काटा आला.

"हवालदारसाहेब," मी हळूच विचारलं, "आज तुमचा वार का?"

त्यांचं पेन थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून दार लोटलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. "गुरुवार माझा," ते म्हणाले. "तुमचा?"

"मंगळवार."

मग मी सगळं सांगितलं. सहा मशीनं, सहा हजार झाकणं, फडकी, भंगाराचं दार, बाबा. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. एका ठिकाणी फक्त विचारलं, "सहा मशीनं म्हणजे फारच झालं. पाणी प्यायला तरी उसंत मिळते?"

"नाही. एक मशीन अर्धा मिनिट रिकामं राहिलं तर पत्रा अडकतो. स्टोअरकडे जाऊन खोका उचलायचा तर कोटा बुडाला असता."

"म्हणजे तुमचा कोटा हाच तुमचा पुरावा. आणि तो दाखवायची सोय नाही." त्यांनी मान डोलवली. त्या डोलवण्यात एवढी समज होती की मला भरून आलं. सख्ख्या मेहुण्याला जे कळलं नाही ते या परक्या माणसाला एका चहाच्या वेळात कळलं होतं.

मग त्यांनी कपाटातून ठाण्याची रोजची नोंदवही काढली आणि मंगळवारचं पान उघडलं. "आमचा मंगळवारवाला शिस्तीचा आहे," ते म्हणाले. "दर तासाला दोन ओळी मोकळ्या सोडतो. लागतात कधी कधी. सायकल आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"हरवली." आणि ते लिहायला लागले. "दुपारी अडीच वाजता अर्जदार सायकल हरवल्याची तक्रार घेऊन ठाण्यात आला. साहेब जरा पलीकडे गेलेले असल्याने चार वाजेपर्यंत बाकावर बसून राहिला. सायकल मिळाल्याचे आठवल्याने परत गेला. झालं. आता तुम्ही चोरीच्या वेळी पोलिसांच्या डोळ्यांसमोर होता. याच्यावर कोण बोट ठेवणार?"

"पण मग मी कारखान्यात नव्हतो असं होईल."

"पाच जणांनी तेच सांगितलंय की. जुळतंय सगळं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, चोर व्हायचंय की गैरहजर?"

मी टाइमकीपरचा मुलगा. सत्तावीस वर्षांत माझ्या नावापुढे एक फुली नाही. तरी मी म्हणालो, "गैरहजर." आणि सही केली.

फौजदारसाहेब बाराला परत आले, त्यांनी नोंद वाचली आणि मलाच झापलं. "आधी नाही का सांगायचं ठाण्यात बसलो होतो म्हणून? पोलिसांचा वेळ घालवता!" मी माफी मागितली.

शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर पोलिसांचं पत्र होतं.

"म्हणजे चोरी तुम्ही केली नाही. अभिनंदन," ते म्हणाले. "पण मंगळवारी दुपारी तुम्ही न सांगता बाहेर होता. सायकल शोधायला."

"पहिलीच वेळ आहे, साहेब. सत्तावीस वर्षांत."

"ते मी बघितलं. मी आणखीही एक बघितलं." त्यांनी उत्पादनाचा तक्ता माझ्याकडे सरकवला. "मंगळवारी सहा हजार झाकणं निघालीत. तुम्ही नसताना. म्हणजे पाच माणसांत कोटा पुरा होतो. मग मी सहावा कशाला ठेवू?"

त्या सहा हजारांतलं एकेक झाकण या हातांनी काढलं होतं. त्या दिवशी माझ्या अंगठ्याला पत्र्याची चीर गेली होती, तिची पट्टी अजून बोटावर होती. मी ती पट्टी बघत बसलो. तोंडापर्यंत सगळं आलं होतं. साहेब, ते पाच जण नव्हते हो, मी होतो, मी एकटा होतो. पण ते म्हटलं असतं तर आणखी पाच घरांत चूल विझली असती. आणि मग माझ्या मुलांच्या आजोळी मला पाणीसुद्धा विचारलं नसतं. मी उठलो. राग इतका आला होता की दारातून बाहेर पडताना मी केबिनचं दार आपटलं, पण त्याला वरती ते हळू मिटवणारं यंत्र बसवलेलं होतं.

बाकीच्या पाच जणांना प्रशस्तिपत्रक मिळालं. सहकारी गैरहजर असतानाही निष्ठेने काम केल्याबद्दल, काचेच्या चौकटीत. मेहुणा ते दाखवायला घरी आला. खरंच दाखवायला आला, एवढी अक्कल देवाने त्याला दिलेली आहे.

सोमवारी आणखी एक गंमत झाली. कॅमेऱ्यांचा खोका आला. सोबत दुकानदाराची चिठ्ठी, उशिराबद्दल दिलगीर आहोत. तो मंगळवारी आलाच नव्हता. स्टोअरकीपर त्या दिवशी जरा पलीकडे गेलेला होता, आणि जाताना त्याने दिवसभरात जे काही येणार होतं त्या सगळ्याच्या पावत्यांवर सकाळीच वेळ टाकून सह्या करून ठेवल्या होत्या. मी धावत मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

"साहेब, चोरी झालीच नव्हती!"

"हो, आनंद आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही गैरहजर होता हे तर पोलिसांनीच लिहून दिलंय."

खोका स्टोअरमध्ये पडून आहे म्हणे. बसवणारा आत्ताच इथे होता.

त्याच संध्याकाळी मेहुणा पुन्हा आला. या वेळी चौकट नव्हती, तोंड उतरलेलं होतं. स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"भाऊजी, एक अडचण आहे. आम्ही पाच जण, दिवस सहा. मंगळवार मोकळा पडतो. मंगळवार घ्यायला कुणी तयार नाही, ज्याला त्याला आपापली कामं आहेत. आम्ही म्हटलं, तुम्ही तसेही मोकळेच आहात. मागच्या दाराने आलात आणि फक्त मंगळवारचं काढून दिलंत तर..."

"म्हणजे मला काढून टाकलेल्या कारखान्यात मी चोरून जाऊन काम करू?"

"चोरून म्हणजे काय, तुमचंच मशीन आहे. फडकंसुद्धा अजून दांड्यालाच आहे."

मी पायातली चप्पल काढली. बायको मधे पडली. तिने भावाचा दंड धरून त्याला दारापर्यंत नेलं आणि, देवाशपथ सांगतो, लग्नाला एकोणतीस वर्षं झाली पण पहिल्यांदाच तिने त्याला माझ्यादेखत बाहेर काढला. दार लावल्यावर मला म्हणाली, "जेवून घ्या." आणि ताट वाढून माझ्यासमोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी घरीच होतो. ताई सवयीने आली, कारण तिला नको येऊ सांगायचं माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. बाबांची उशी सारखी करायला मी वाकलो आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

"ही आलीय," ते म्हणाले. "म्हणजे आज मंगळवार. मग तू कसा घरी?"

"सुट्टी आहे, बाबा."

"कसली?"

"मालकाचे वडील वारले."

"खोटं बोलू नकोस. मंगळवारी तुला सुट्टी नसते. बाकी सगळे दिवस असते, मंगळवारी नसते. मला काय वेड लागलंय?" त्यांनी डाव्या हाताने पांघरूण बाजूला सारलं. "किती वाजले? फुली पडेल. जा, जा लवकर!"

त्यांना इतकं अस्वस्थ झालेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ताई म्हणाली, "जा रे बाबा, नाहीतर यांचा त्रास वाढेल." तेव्हा मी खुंटीवरचा निळा सदरा घातला, डबा घेतला, "येतो" म्हणालो आणि दार ओढून घेतलं. जाणार कुठे? गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. चार वर्षं मी कामाच्या दिवशी सुट्टी असल्याचं सोंग केलं होतं. आता सुट्टीच्या दिवशी कामाचं. साडेचारला खाली उतरायचं ठरवलं. टाइमकीपरच्या घरात लवकर सुटून चालत नाही.

दीडच्या सुमाराला जिन्यात बूट वाजले. कठड्यातून वाकून पाहिलं तर गुरुवारवाले हवालदार, साध्या कपड्यांत, हातात एक कागद. त्यांचा वार नव्हता म्हणजे ते मोकळेच असणार. त्यांनी आमचं दार वाजवलं. ताईने उघडलं असावं.

"ठाण्यातून आलोय. प्रकरण मिटलं, त्यावर यांची सही लागते. कुठे आहेत?"

ताई बिचारी. तिला काही कुणी शिकवलेलं नाही, पण अकरा वर्षं आमच्या घरात तेच चाललंय. चटकन म्हणाली, "आत्ताच इथे होता, जरा पलीकडे गेलाय."

हवालदार हसले असतील असं मला वाटलं.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. खणखणीत, वहीवर बसल्यावर असायचा तसा. "पलीकडे नाही. कोण विचारतंय? माझा मुलगा कामावर आहे. मंगळवारी तो कामावरच असतो. पाहिजे तर लिहून घ्या."

मग हवालदारांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "लिहिलं, बाबा."

मी जिन्यात बसून ते ऐकलं. फौजदार, मॅनेजर, सुपरवायझर आणि पाच साक्षीदार, एवढ्या माणसांत जे एक वाक्य कुणीतरी बोलावं म्हणून माझा जीव तुटत होता, ते बाबा बोलले. आणि ते बोलले त्या मंगळवारी मी जिन्यात होतो. मी डबा मांडीवर घट्ट धरून रडलो. साडेचार वाजायला तीन तास होते, म्हणून पुरेसं रडून घेतलं.